तंत्रज्ञानात करिअर करायचं, पण शिकायचं नेमकं काय?

यंत्र कोड लिहितं ही बातमी आता जुनी झाली. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं आणि त्यानंतर तंत्रज्ञान क्षेत्रातल्या मोठ्या कंपन्यांनी माणसं कमी केल्याच्या बातम्याही एकामागून एक आल्या. काही वर्षांपूर्वी ‘कॉम्प्युटरला प्रवेश मिळेल का?’ असा प्रश्न असायचा, आता ‘मिळाला तरी घ्यावा का?’ असं विचारलं जातं. शाळा संपवून पुढचा विचार करणारी मुलं, त्यांचे पालक आणि दुसऱ्याच क्षेत्रात बरीच वर्षं काढून इकडे वळू पाहणारी माणसं, सगळेच बुचकळ्यात पडले आहेत.

गोंधळ वाढतो तो तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यामुळे. शाखा म्हणजे पदवीच्या कागदावर छापलेलं नाव. साधन म्हणजे एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा किंवा सॉफ्टवेअर. आणि काम म्हणजे सकाळी बसल्यापासून संध्याकाळी उठेपर्यंत माणूस प्रत्यक्ष काय करतो ते. प्रवेशाच्या वेळी चर्चा होते शाखेची, जाहिराती असतात साधनांच्या, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं जातात कामात. म्हणून या तिन्ही गोष्टी आधी सुट्या करून पाहायला हव्यात.

## शाखांच्या नावांमागे काय असतं?

संगणकाशी संबंधित अभ्यासक्रमांत काय शिकवावं याची शिफारस एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या दोन जागतिक संस्था अनेक वर्षं करत आल्या आहेत. त्यांच्या २००५ सालच्या अहवालात पाच शाखा होत्या, २०२० सालच्या अहवालात सात झाल्या.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा भर चिप, सर्किट आणि त्यांच्यावर चालणाऱ्या अगदी खालच्या पातळीवरच्या सॉफ्टवेअरवर असतो. कॉम्प्युटर सायन्स गणनेचाच अभ्यास करतं: कोणता प्रश्न किती वेळात सुटेल, कोणता कधीच सुटणार नाही, माहिती कशी मांडली तर लवकर सापडेल. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा विषय आहे शेकडो माणसांनी मिळून लिहिलेलं आणि वर्षानुवर्षं बदलत राहणारं सॉफ्टवेअर कोलमडू न देणं. इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी म्हणजे एखाद्या संस्थेची संगणकव्यवस्था उभारणं आणि सुरळीत चालू ठेवणं. इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये निम्मं लक्ष व्यवसाय कसा चालतो याकडे असतं. नव्याने आलेल्या दोन शाखा म्हणजे सायबर सुरक्षा, म्हणजे घुसखोरीपासून संगणक आणि माहिती राखणं, आणि डेटा सायन्स, म्हणजे माहितीच्या साठ्यातून अर्थ काढणं.

कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, या सातांत वेगळी शाखा म्हणून नाही. बऱ्याच ठिकाणी या नावाची पदवी आज मिळते, आणि तिच्यात गैर काही नाही. पण एका विद्यापीठातल्या ‘एआय’ पदवीत संख्याशास्त्र आणि रेषीय बीजगणित पक्कं करून घेतलेलं असू शकतं, तर दुसरीकडे तयार साधनं वापरण्याची प्रात्यक्षिकंच तेवढी असू शकतात. नाव सारखं असलं तरी आतला ऐवज वेगळा. म्हणून माहितीपुस्तिकेचं मुखपृष्ठ बाजूला ठेवून विषयांची यादी वाचावी, तीही शेवटपर्यंत. पहिल्या दोन वर्षांत या शाखांमधला बराच भाग सामाईक असतो. त्यामुळे हवी ती शाखा थोडक्यात हुकली म्हणून हातपाय गाळण्याचं कारण नाही.

आणि तंत्रज्ञान म्हणजे सॉफ्टवेअरच, असंही समजू नये. एआय चालतं ते चिपवर आणि चिप चालते विजेवर. इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, मटेरियल सायन्स यांच्याशिवाय यातलं काहीच उभं राहत नाही.

## काही ज्ञान लवकर जुनं होतं, काही होत नाही

‘आज शिकलेलं पाच वर्षांत जुनं होतं’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे, आणि कुठलं अर्ध हे कळलं की निवड बरीच सोपी होते.

एखादं जुनं शहर डोळ्यांसमोर आणा. दुकानांच्या पाट्या दर थोड्या वर्षांनी बदलतात. इमारती पिढी-दोन पिढ्या टिकतात. रस्ते मात्र बहुतेक वेळा शेकडो वर्षं जिथल्या तिथेच असतात. तंत्रज्ञानातल्या ज्ञानाचंही असंच आहे.

पाट्या म्हणजे साधनं. एके काळी वेबवरचे खेळ आणि चलचित्रं फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायची. फ्लॅशमध्ये तरबेज असलेल्यांना कामाची कमतरता नव्हती. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी या कंपनीने फ्लॅशची देखभाल आणि दुरुस्ती बंद केली. वेबसाइट बांधायला २०१० साली आलेलं अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, काही वर्षं नोकरीच्या बहुतेक जाहिरातींत दिसायचं. जानेवारी २०२२ पासून त्याची अधिकृत देखभाल थांबली.

इमारती जरा सावकाश बदलतात. सी ही भाषा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेत तयार झाली आणि आजही यंत्रांच्या पोटात तीच भेटते. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारं मूळ सॉफ्टवेअर, आणि पायथन ही भाषा, दोन्ही १९९१ सालच्या. जगातले बहुसंख्य सर्व्हर आज लिनक्सवर चालतात, आणि एआयच्या कामाची मुख्य भाषा पायथन आहे.

रस्त्यांकडे मात्र थोडं थांबून पाहू. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांना १९५६ साली एका जागेहून दुसरीकडे जाण्याचा सगळ्यात जवळचा मार्ग शोधण्याची रीत सुचली आणि १९५९ साली ती प्रसिद्ध झाली. रीत साधी आहे. जिथे उभे आहात तिथून जे ठिकाण सगळ्यात कमी अंतरावर आहे ते पक्कं करायचं, तिथून पुढच्या ठिकाणांची अंतरं सुधारायची, मग उरलेल्यांतलं सगळ्यात जवळचं पक्कं करायचं, आणि असंच पुढे. मोबाइलवर नकाशा रस्ता दाखवतो तेव्हा त्याच्या मुळाशी हाच विचार असतो, पुढे त्यात कितीही सुधारणा झालेल्या असल्या तरी. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलं की माहिती तक्त्यांत ठेवावी आणि वापरणाऱ्याने ‘काय हवं’ एवढंच सांगावं, ‘ते कुठून आणि कसं काढायचं’ हे यंत्राने पाहावं. बँकेतलं खातं, रेल्वेचं आरक्षण, रुग्णालयातली नोंद, सगळं आजही मोठ्या प्रमाणात याच कल्पनेवर उभं आहे. इंटरनेटवर माहितीचे तुकडे ज्या नियमांनी प्रवास करतात त्या टीसीपी/आयपी नियमांकडे आर्पानेट, म्हणजे इंटरनेटच्या आधीचं संगणकांचं जाळं, १ जानेवारी १९८३ रोजी वळलं. ते नियम अजूनही कामावर आहेत.

निवड करताना याचा उपयोग असा. एखादा अभ्यासक्रम किंवा क्लास समोर आला की विचारायचं, यात पाट्या किती, इमारती किती आणि रस्ते किती? तीन महिन्यांत ‘नोकरीसाठी तयार’ करणारा क्लास जवळजवळ पूर्ण पाट्यांचा असतो. पहिली नोकरी त्यावर मिळूही शकते. पण पाटी बदलली की तो माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. रस्ते माहीत असलेला माणूस नवं साधन काही आठवड्यांत आत्मसात करतो, कारण आतली कल्पना त्याच्या ओळखीची असते.

उलट टोकही बरं नाही. नुसती तत्त्वं पाठ केली आणि एकही साधन हातात धरलं नाही, तर ती तत्त्वं मनात रुजत नाहीत. डेटाबेसची, म्हणजे माहिती तक्त्यांत ठेवण्याची, कल्पना कळायला स्वतः तक्ते बनवावे लागतात, चुकीचे बनवावे लागतात आणि दोन तक्त्यांतली माहिती जुळत नाही म्हणून रात्र घालवावी लागते. म्हणून एक भाषा आणि एक क्षेत्र निवडून त्यात खोल उतरावं. दहा भाषांची तोंडओळख करून घेण्यात ही खोली येत नाही.

## एआय कोड लिहितं, मग माणसाने का शिकावं?

सगळ्यात मोठी शंका हीच आहे, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही.

आधी एक जुनी गोष्ट. १९५७ साली आयबीएमने फोरट्रान ही भाषा आणली. तोवर प्रोग्रॅमर यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत एकेक सूचना लिहायचे. फोरट्रानमध्ये गणिताच्या सूत्रासारखं लिहिलं की त्याचं यंत्राच्या सूचनांत रूपांतर करण्याचं काम कंपायलर नावाचा प्रोग्रॅम करू लागला. त्या काळी या प्रकाराला ‘स्वयंचलित प्रोग्रॅमिंग’ असंच म्हणत. पुढे प्रोग्रॅमरांची संख्या घटली नाही, उलट प्रचंड वाढली. सूचना लिहिणं स्वस्त झालं, तशी पूर्वी परवडत नसलेली असंख्य कामं संगणकावर आली.

आताही हुबेहूब तसंच होईल, अशी खात्री कोणी देऊ नये. दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. कंपायलर ठरलेल्या नियमांनी चालतो, त्याच्या भाषांतरावर विश्वास ठेवता येतो. आजचं एआय आधी वाचलेल्या प्रचंड मजकुरावरून ‘इथे पुढे काय येण्याची शक्यता जास्त’ याचा अंदाज करत लिहितं. अंदाज बहुतेक वेळा चांगला असतो. चुकतो तेव्हा मात्र चूक अगदी बरोबर असल्यासारखी दिसते, आणि ती पकडायला विषय समजणारं कोणी तरी हवं.

त्याहून खोल मुद्दा असा की कोड लिहिणं हा या कामाचा सगळ्यात अवघड भाग कधीच नव्हता. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात मिनिटभराच्या आत नष्ट झालं. वेगाशी संबंधित एक ६४ बिटची संख्या १६ बिटच्या जागेत बसवताना ती मावली नाही, आणि दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली. तो कोड एरियान ४ या आधीच्या रॉकेटसाठी लिहिलेला होता आणि तिथे नीट चालत होता. एरियान ४चा मार्ग वेगळा असल्याने ती संख्या तिथे एवढी मोठी होतच नव्हती. म्हणजे कोड त्याच्या जागी ठीक होता, तो नव्या जागी आणताना जुनी गृहीतकं तपासली गेली नाहीत. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी गमावलं गेलं, कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-फोर्सच्या एककात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटनमध्ये आहेत असं धरून चालली होती. दोन्हीकडची गणितं आपापल्या जागी चोख असली तरी यान वाचलं नसतं.

काय हवं आहे हे नेमकं ठरवणं, कोणती गृहीतकं धरली आहेत ती ओळखणं, बिघडलं तर कुठे बिघडलं ते शोधणं आणि परिणामांची जबाबदारी घेणं, ही कामं कोड कोणी लिहिला यावर अवलंबून नाहीत. एआयमुळे कोडचं प्रमाण वाढेल, तसं हे कामही वाढेल, असं मला वाटतं.

तरीही नव्या मुलांची एक अडचण खरी आहे आणि ती मला सतावते. पूर्वी नवख्या माणसाला बारीकसारीक कामं दिली जायची: कोडमधला एखादा छोटा दोष दुरुस्त कर, कोड नीट चालतो का हे तपासणारी एखादी चाचणी लिही. त्यातूनच त्याचा हात बसायचा. नेमकी हीच कामं एआय झटपट करतं, म्हणजे वरच्या जागा असल्या तरी खालच्या पायऱ्या झिजताहेत. यावर उपाय शिकतानाच करावा लागेल. आधी स्वतः झगडून लिहायचं, मग एआयकडून तपासून घ्यायचं, आणि त्याने दिलेली एकही ओळ समजल्याशिवाय ठेवायची नाही. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचण्याची सवय आता लिहिण्याइतकीच लागेल. लिनक्ससारख्या मोठ्या प्रकल्पांचा पूर्ण कोड कोणालाही वाचायला खुला आहे. शिकणाऱ्यांच्या आधीच्या पिढ्यांना असं भांडार क्वचितच मिळालं.

## तज्ज्ञच सांगतात ना, अमुक काम संपणार?

२०१६ साली एआयचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते की नवे रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, तयार करणं आता थांबवावं, कारण पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्र प्रतिमा वाचण्यात त्यांच्या पुढे जाईल. हिंटन साधे गृहस्थ नव्हेत, २०२४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. यंत्रं प्रतिमा चांगल्या वाचू लागली, पण रेडिऑलॉजिस्टांची गरज संपली नाही, कारण प्रतिमा वाचणं हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. तंत्र कुठवर जाईल हे जाणणाऱ्यालाही काम कसं बदलेल हे सांगता येईलच असं नाही.

बाजाराचंही तसंच. १० मार्च २००० रोजी तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकेतल्या शेअर बाजाराचा नॅसडॅक निर्देशांक शिखरावर होता, ऑक्टोबर २००२ पर्यंत तो तीन चतुर्थांशाहून जास्त घसरला. त्या काळात तिथे कॉम्प्युटर सायन्सकडे जाणाऱ्यांची संख्या बरीच रोडावली. त्या मंदीत प्रवेश घेऊन जे २००६च्या सुमारास बाहेर पडले, त्यांच्यासमोर २००७ साली आयफोन आला आणि २००८ साली अ‍ॅप स्टोअर. मोबाइल अ‍ॅप बनवणं हा एवढा मोठा व्यवसाय त्यांनी प्रवेश घेतला तेव्हा अस्तित्वातच नव्हता. चार वर्षांच्या शिक्षणात आत शिरतानाचा बाजार आणि बाहेर पडतानाचा बाजार वेगळे असतात. म्हणून यंदाच्या पगारावरून शाखा निवडणं हा मला सगळ्यात कच्चा आधार वाटतो.

## पदवी लागतेच का?

काही दारं पदवीशिवाय उघडत नाहीत. संशोधन, चिपची रचना, वैद्यकीय उपकरणं यांत ती हवीच. परदेशी कामाच्या परवान्यासाठीही पुष्कळ देश पदवी पाहतात. इंजिनिअरिंगच्या पदवीला दुसऱ्या देशांत मान्यता मिळावी म्हणून १९८९ साली वॉशिंग्टन करार झाला. आपला अभ्यासक्रम त्याखाली येतो का, हे प्रवेशाआधी पाहून ठेवावं. वेबसाइट, अ‍ॅप, सॉफ्टवेअरची चाचणी अशा कामांत मात्र तुम्ही काय बनवलं आहे हे दाखवता आलं तर पदवीविनाही वाट निघते.

ज्ञान आज घरबसल्या मिळतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सर्वांना मोफत देण्याची घोषणा २००१ सालीच केली. तरीही शक्य असेल तर पदवी घ्यावी, असं माझं मत आहे. एकट्याने शिकणारा माणूस साहजिकच लगेच उपयोगी पडणाऱ्या गोष्टी शिकतो. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, गणनेचा सिद्धांत असे सावकाश फळ देणारे विषय दिवसभराच्या नोकरीनंतर रात्री एकट्याने पुरे करणारे थोडेच. पदवीची चार वर्षं त्यांच्यासाठी वेळ आणि सोबत देतात.

कंपन्यांच्या प्रमाणपत्रांचा उपयोग मर्यादित आहे. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकसेवेच्या, प्रमाणपत्रांची मुदत तीन वर्षांची असते, यावरून ती पाटीच्या वर्गात येतात हे लक्षात यावं.

## गणित कच्चं असेल तर?

कामावर अवलंबून आहे. यंत्राला शिकवण्याच्या कामात रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि कलनशास्त्र टाळता येत नाही. ग्राफिक्सला भूमिती लागते, माहिती गुप्त संकेतांत बदलून सुरक्षित ठेवण्याच्या कामाला संख्याशास्त्राची नव्हे तर संख्यांच्या सिद्धांताची ओळख लागते. वेब, सर्व्हर सांभाळणं, चाचणी यांत शाळेतलं गणित आणि स्वच्छ तर्क पुरतो. गणितातल्या गुणांपेक्षा मला दुसरी खूण महत्त्वाची वाटते: न सुटणाऱ्या प्रश्नासमोर दोन तास चिकाटीने बसवतं का?

## उशिरा वळलं तर चालतं का?

परिचारिका, हिशेबनीस, शिक्षक, कारखान्यातला तंत्रज्ञ, यांच्याकडे आपल्या क्षेत्राचं जे बारीक ज्ञान असतं ते कोणत्याही संगणकाच्या पदवीत मिळत नाही. औषधांच्या नोंदी कुठे चुकतात हे परिचारिकेला माहीत असतं. वळणाऱ्याने ते ज्ञान मागे टाकून नवख्यांच्या रांगेत उभं राहू नये. आपल्या जुन्या क्षेत्राला लागणाऱ्या माहितीच्या आणि सॉफ्टवेअरच्या कामात शिरावं, तिथे त्याचं वय आणि अनुभव दोन्ही कामाला येतात.

## आवडेल का, हे आधी कसं कळणार?

कलचाचणीपेक्षा एक छोटी वस्तू बनवणं बरं. ओळखीतल्या एखाद्या माणसाची खरी अडचण घ्यावी, म्हणजे एखादी नोंदवही, वेळापत्रक किंवा हिशेब. त्यासाठी चालेल असं काही तरी बनवावं आणि त्या माणसाला महिनाभर वापरायला द्यावं. बनवणं मजेचं असतंच. खरं काम त्यानंतर सुरू होतं, कारण तक्रारी येतात, आणि या क्षेत्रातला मोठा वेळ आधीच्या वस्तू दुरुस्त करण्यात आणि बदलण्यात जातो.

त्या महिन्यात स्वतःकडे लक्ष ठेवावं. दोष शोधताना जेवणाची वेळ टळली आणि कळलंही नाही, तर प्रोग्रॅमिंग जमेल. वापरणारा नेमका कुठे अडखळतो, हे बघण्यात जास्त रस वाटला, तर डिझाइनकडे पाहावं. नोंदी तपासताना विसंगती डोळ्यांत खुपू लागल्या, तर डेटाचं काम, कारण त्या कामातला बराच वेळ माहिती स्वच्छ करण्यात जातो. याच्यात कोणी लबाडीने कसं घुसेल, असा विचार आपोआप येत असेल तर सुरक्षा. पडद्यावरचं काहीच भावलं नाही, पण तो संगणक उघडून आत काय आहे ते पाहावंसं वाटलं, तर इलेक्ट्रॉनिक्सची विषयांची यादी मागवावी. आणि यातलं काहीच झालं नाही, तर हे चार वर्षं आणि मोठी फी भरण्याच्या आधीच कळलेलं असेल.